विनाकारण जमा

वारूळवाडीच्या शेवटाला, जिथं डांबरी रस्त्याला आपण डांबरी असल्याचा विसर पडतो, तिथं ‘शिवनेरी दर्शन’ नावाची सोसायटी आहे. शिवनेरी तिथून दिसत नाही. पूर्वी गच्चीवर जाऊन टाचा उंचावल्या की दिसायचा म्हणतात, पण मधे एका मंगल कार्यालयाचा दुसरा मजला चढला आणि दर्शन तेवढं पाटीवर उरलं.

या सोसायटीचे सेक्रेटरी सावळेराम सर. नारायणगावच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी हयातभर अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्त होताना त्यांच्या लक्षात आलं, की आपलं अर्थशास्त्र कुणी ऐकलेलंच नाही; मुलांचा एक कान कायम बाजारातल्या टोमॅटोच्या भावाकडे होता. पण सरांनी हार मानली नव्हती. त्यांच्याकडे एक कल्पना शिल्लक होती. गरीब-श्रीमंत न बघता, कसलीही अट न घालता, प्रत्येक माणसाला दरमहा ठरावीक पैसे द्यायचे. नुसतं माणूस असल्याबद्दल. जगात मोठमोठी डोकी यावर वाद घालत होती आणि सर त्या वादात वारूळवाडीहून सामील होते. त्यांच्या पत्नी आरतीबाई यांनी ही कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा एवढंच विचारलं होतं, की मग भांडी कोण घासणार. हा श्रमपुरवठ्याचा प्रश्न आहे, असं सांगून सरांनी तो पुढे ढकलला.

तर दिवाळीनंतर एका मोबाइल कंपनीचा माणूस आला आणि सोसायटीच्या मोकळ्या कोपऱ्यात टॉवर उभारू का, म्हणून विचारू लागला. आधी सगळ्यांनी जोरदार विरोध केला. टॉवरच्या लहरींनी केस गळतात, चिमण्या मरतात, दूध नासतं, असं सगळं बोलून झालं. मग त्या माणसानं भाड्याचा आकडा सांगितला. त्यावर धर्माजींनी विज्ञान पुष्कळ पुढे गेल्याचं मत मांडलं. धर्माजी हे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या डोक्यावर गळायला तसे केसही नव्हते.

टॉवर उभा राहिला, भाडं सुरू झालं, आणि त्याचं करायचं काय यावर सभा भरू लागल्या. टोमॅटोचे व्यापारी दादाभाऊ यांना रस्त्यावर कमान हवी होती. धर्माजींना दत्ताचं मंदिर हवं होतं. तरुण मंडळींना व्यायामाची यंत्रं हवी होती, ज्यांवर पुढं कपडे वाळत घालता आले असते. तीन सभा झाल्या, भज्यांचा खर्च भाड्याच्या जवळ जाऊ लागला आणि निर्णय काही होईना. चौथ्या सभेत सर उठले. म्हणाले, कुणाचंच एकमत नाही, तर पैसे सगळ्यांना सारखे वाटून टाकू. माणशी. दरमहा. बिनशर्त. ज्याला कमान हवी त्यानं आपल्या पैशानं कमान बांधावी.

ठराव मंजूर झाला. सरांना वाटलं आपल्या विचाराचा विजय झाला. खरं म्हणजे भजी गार होत होती, आणि कमान नाही तर मंदिरही नाही, हे समाधान दोन्ही बाजूंना पुरेसं होतं.

माणशी वाट्याला आली ती गॅसच्या अर्ध्या टाकीएवढी रक्कम. पायाभूत उत्पन्न म्हणायला हा पाया जरा उथळच होता. पण सर म्हणाले, तत्त्व खोल आहे.

मग अटी आल्या. योजना बिनशर्त आहे हे मान्यच होतं, पण एखाद-दुसरी अट असायला काय हरकत आहे, असं प्रत्येकाचं म्हणणं पडलं. धर्माजी म्हणाले, मेंटेनन्स थकवणाऱ्याला देऊ नका. ज्यांनी थकवला होता ते म्हणाले, ज्यांचं कुत्रं भुंकतं त्यांना देऊ नका. कुत्रंवाले म्हणाले, जे पार्किंगमध्ये गाडी आडवी लावतात त्यांना तर मुळीच देऊ नका. सरांनी सगळ्या अटी शांतपणे ऐकून घेतल्या तेव्हा त्यांना उमगलं, की यांतली एकही अट सर्वांसाठी नाही, प्रत्येक अट एकेका शेजाऱ्याच्या मापानं शिवलेली आहे. आणि सगळ्या लावल्या तर पैसे घ्यायला फक्त टॉवर उरतो. त्यांनी एकही अट मानली नाही. तेव्हापासून त्यांना जिन्यात नमस्कार कमी होऊ लागले.

एक प्रश्न मात्र टाळता येईना. सगळे म्हणजे कोण? दादाभाऊंच्या घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. धर्माजींचं घर म्हणजे बारमाही लग्नघर. शेवटी सरांनी नियम केला, की जो इथं झोपतो आणि इथं जेवतो तो इथला. नियम सोपा होता, त्यामुळे त्याचे परिणाम लगेच दिसले. लोकांना आपापल्या आईवडिलांची आठवण येऊ लागली. दादाभाऊंनी तर आईला, सखूबाईंना, आणे गावाहून पिकअपमधून आणलं. पठारावरची हवा सोडून म्हातारीला इकडं मानवणार नाही, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. ते आता म्हणू लागले, की हवा काय, सगळीकडं सारखीच. सखूबाई ऐंशीच्या घरातल्या, वाळक्या शेंगेसारख्या हलक्या आणि तशाच खुळखुळणाऱ्या. आपल्याला का आणलं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, पण त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दुसरा प्रश्न वॉचमनचा. जानकू हा आंबेगावच्या पश्चिमेचा, डिंभे धरणाच्या मागं डोंगरात त्याची वाडी. बायको भागू आणि पोरं तिकडं, आणि हा इकडं फाटकाजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये. तिथंच झोपायचा, तिथंच स्टोव्हवर भाकरी करायचा. नियमाप्रमाणं तो इथला होता. दादाभाऊंना हे पटेना. ते म्हणाले, त्याला आपण पगार देतोच, वर हे कशाला. फुकटचं मिळालं की माणूस काम करत नाय. सर म्हणाले, सार्वत्रिक म्हणजे सार्वत्रिक, नाहीतर मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा देतो. आणि त्यांनी जरा थांबून सभेकडे पाहिलं.

लोकांनी भज्यांची ताटली पुढं सरकवली. एकानं तर घड्याळ बघितलं. राजीनामा तसाच हवेत लटकत राहिला, आणि तो परत कसा घ्यावा याचा सर विचार करत असताना मागून आरतीबाई बोलल्या. त्या सभेत सहसा बोलत नसत.

“टॉवरच्या बुडाशी दिवसभर तोच बसतो. लहरी त्याच्या वाट्याला आणि भाडं आपल्या, हे बरं दिसत नाही.”

लोक हसले आणि जानकूचं नाव लागलं. राजीनाम्याची आठवण कुणी काढली नाही. सरांनीही काढली नाही.

पुढची पायरी बँक. सरांना वाटलं होतं, पैसे देणं सोपं असतं, अवघड असतं ते मिळवणं. बँकेच्या खिडकीवर त्यांचीच विद्यार्थिनी श्रेया बसलेली निघाली. सर, तुमच्यामुळंच मी इथं आहे, असं ती म्हणाली तेव्हा सरांचा ऊर भरून आला. तेवढ्यात तिनं सांगितलं, की इतक्या खात्यांत दरमहा पैसे पाठवायचे तर कारण भरावं लागेल.

“कारण नाही,” सर म्हणाले.

“सर, कारण लागतंच. पगार, पेन्शन, बक्षीस, अनुदान, कर्ज. यातलं एक सांगा.”

सरांनी मग खिडकीशी उभं राहून, मागं रांग असताना, कारण नसणं हाच या योजनेचा आत्मा कसा आहे ते समजावलं. श्रेयानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण सर, तुम्हीच शिकवलं होतं, पैसा हे देवाणघेवाणीचं साधन आहे. यात देवाण आहे. घेवाण कुठंय?”

आपलं शिकवणं कुणीतरी ऐकलं होतं, हे सरांना कळलं ते असं, नको त्या वेळी. मागच्या रांगेनं घसे खाकरायला सुरुवात केली होती. अनुदानाला दाखला लागत होता, बक्षिसाला कर लागत होता. श्रेयानं आपल्या अधिकारात ‘पगार’ निवडला आणि पुढचं टोकन पुकारलं.

एक तारखेला सोसायटीतल्या सगळ्या फोनवर एकदम संदेश वाजला: आपला पगार जमा झाला आहे. धर्माजींना निवृत्तीनंतर पुन्हा पगार आल्यानं इतकं भरून आलं, की त्यांनी तो संदेश दोनदा मोठ्यानं वाचला. सखूबाईंना त्यांच्या सुनेनं वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे विचारलं, कसला पगार, आणि सुनेला नीट सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाभाऊ सरांच्या दारात उभे. चेहरा भाव पडल्यासारखा. आई खराटा घेऊन सोसायटीचा रस्ता झाडत होती. येणारेजाणारे बघत होते. मोठा व्यापारी म्हातारीला झाडायला लावतो, असं बाजारात झालं तर तोंड कुठं लपवायचं, असं त्यांचं म्हणणं. तुमची योजना, तुमीच समजवा.

सर खाली गेले. सखूबाई टॉवरपाशी पोचल्या होत्या.

“आजी, हे पैसे कामाचे नाहीत,” सर म्हणाले. “तुम्ही आहात, म्हणून आहेत.”

“मी तर कवाची हाये,” सखूबाई खराटा न थांबवता म्हणाल्या. “आजवर कुनी दिलं न्हाई.”

सरांनी मग जागेचं समजावलं. ही जागा सगळ्यांची, म्हणून हिचं भाडं सगळ्यांचं.

“मंग सगळ्यांच्या जागंला झाडायचं कुनी?”

सरांच्या लक्षात आलं, की हा आरतीबाईंचाच भांड्यांचा प्रश्न दुसऱ्या दारानं आला आहे. ते माघारी वर आले आणि दादाभाऊंना म्हणाले, थोडी कळ काढा. पण सखूबाईंनी खराटा सोडला नाही. फक्त मुलाच्या अब्रूसाठी रस्ता सोडला आणि टॉवरभोवतीचं तेवढं झाडू लागल्या. ज्याचं खायचं त्याच्याभोवतीचं झाडायचं, असा त्यांचा हिशोब. फुकट मिळालं की माणसं आळशी होतात, असं म्हणणाऱ्या दादाभाऊंपुढं आता आळशी न झालेलं एक माणूस होतं, आणि ते त्यांच्याच घरातलं होतं. सरांनी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. फक्त सकाळी त्या झाडत असताना दादाभाऊ जिन्यात भेटले की जरा जास्त प्रसन्न चेहरा करत.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पैसे येत राहिले, आणि पैसे येत राहिले की त्यांच्याबद्दल बोलणं कमी होतं. कुणी काय केलं म्हणाल तर सांगण्यासारखं फारसं काही नाही. कुणी डिश टीव्हीचं भरलं, कुणी भिशी लावली, धर्माजींनी गुडघ्यांना तेल आणलं. सखूबाई मात्र सुनेला न विचारता भाजीवाल्याशी घासाघीस करू लागल्या आणि एकदा तर शेजारच्या बाळाला स्वतःच्या पैशांचं टोपडं घेऊन आल्या. सर या सगळ्या गोष्टींकडे संशोधकाच्या नजरेनं बघत, पण त्यातून निष्कर्ष काही निघेना.

निघाला तो आषाढात. एका सकाळी जानकू सरांच्या दारात आला, केबिनची किल्ली पुढं केली आणि म्हणाला, आवणीला जातो. त्याच्याकडं भाताची लावणी म्हणजे आवणी. दरवर्षी तो या दिवसांत रजा मागायचा आणि सोसायटी दरवर्षी देत नसे. त्याला तरी कुठं बोलता यायचं. पगारातली उचल आधीच घेतलेली असायची. यंदा मात्र त्यानं उचल घेतलीच नव्हती. मागायचं असं काही नव्हतंच, तो सांगून चालला होता. नमस्कार करून निघून गेला.

बातमी पसरायला चहा उकळायचाही वेळ लागला नाही. जो तो सरांना जिन्यात गाठून आपल्याला हे आधीच कसं दिसलं होतं ते सांगू लागला. धर्माजी म्हणाले, एसटीत फुकट पास असलेला माणूस कधी वेळेवर उतरत नाही. दादाभाऊ फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “बघा सर. फुकटचं दिलं, गडी गेला.” सरांना ते वाक्य लागलं. जगभरच्या विरोधकांनी हेच लिहिलं होतं, आणि ते खरं करून दाखवायला त्यांना नेमकी वारूळवाडीच सापडावी. त्या दिवशी सर धड जेवले नाहीत.

नवा वॉचमन त्या पगारात मिळेना. तेव्हा घराघरानं पाळीपाळीनं केबिनमध्ये बसायचं ठरलं, आणि तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळं पहिली पाळी सरांनी घेतली.

केबिनमध्ये बसलं की काम काय असतं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. जानकू फाटक उघडतो, एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं. पाण्याची मोटर तोच लावतो आणि तोच बंद करतो, हे टाकी भरून वाहायला लागली तेव्हा कळलं. सर त्या वेळी बिबट्यापासून घ्यायच्या काळजीचं वनखात्याचं पत्रक वाचत होते. पाणी उताराला लागलं, उतार टॉवरकडं होता, आणि टॉवरच्या बुडाशी असलेल्या विजेच्या पेटीत ते शिरलं. फट् असा बारीकसा आवाज झाला. अर्ध्या वारूळवाडीची रेंज गेली.

लोकांनी एकमेकांना फोन करून विचारायचा प्रयत्न केला आणि मग खाली उतरून विचारू लागले. कंपनीचा तंत्रज्ञ दुपारी मोटारसायकलवरून आला. सरांनी त्याला फाटकाशी थांबवलं. ओळखपत्र मागितलं. ते त्याच्या मोबाइलमध्ये होतं, आणि रेंज नसल्यामुळं उघडेना. सरांनी त्याला शांतपणे सांगितलं, की ओळख पटल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, असा सोसायटीचा ठराव आहे. तो ठराव त्यांनी स्वतःच लिहिलेला होता. त्यानं मोटारसायकल वळवली आणि तो आळेफाट्याला दुसऱ्या कामाला निघून गेला. रेंज दुसऱ्या दिवशी आली. त्यासोबत कंपनीचा निरोपही आला, की जागेवर जबाबदार माणूस नसेल तर भाड्याचा फेरविचार करावा लागेल.

तो जबाबदार माणूस म्हणजे आपण नव्हे, याबद्दल सोसायटीत पहिल्यांदाच पूर्ण एकमत झालं. जानकूला परत आणायचं ठरलं.

दादाभाऊंच्या पिकअपमध्ये पुढं दादाभाऊ, सर आणि धर्माजी असे तिघं बसले. मंचर, घोडेगाव, डिंभे, असं प्रत्येक गाव आलं की धर्माजी सवयीनं पुकारत आणि कुणी उतरत नाही म्हणून नाराज होत. धरण मागं पडलं, रस्ता अरुंद झाला, ढग खाली उतरले. वाडीत विचारलं तर एकानं भातखाचराकडं बोट केलं.

जानकू चिखलात वाकलेला होता. शेजारी भागू आणि दोन-तीन बायका, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद. त्यानं वर बघितलं, हसला, या म्हणाला आणि पुन्हा वाकला. भागूनं सांगितलं, की अर्धी आवणी राहिलीय, माणसं मिळत नाहीत, रोपं उपटून ठेवलीत ती आजच लागली पायजेत. हे खाचर वरसानुवरसं पडीक होतं. यंदा पावर टिलर सांगितला, बी आणलं, बांध घातला. पैसे कुठले, हे ती बोलली नाही, आणि विचारायची गरजही नव्हती.

वाकलेल्या माणसाशी बांधावर उभं राहून बोलणी करता येत नाहीत. तो वर बघेपर्यंत आपलं वाक्य संपलेलं असतं. दादाभाऊंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग पँट दुमडली आणि खाचरात उतरले. हात विसरले नव्हते. काही वेळानं ते जानकूच्या ओळीला ओळ लावून मागं सरकू लागले. मग धर्माजी उतरले. बांधावर छत्री घेऊन एकटे सर उरले. श्रमपुरवठा कमी पडत असताना छत्री धरून उभं राहणं त्यांना बरं वाटेना. ते उतरले, पहिल्याच पावलाला बसले, आणि मग उठायचा खटाटोप न करता तिथूनच रोपं लावू लागले. भागूनं नंतर ती हळूच काढून पुन्हा लावली. सरांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

संध्याकाळ व्हायच्या आत खाचर भरलं. घराच्या पडवीत कोऱ्या चहाचे पेले आले. तेव्हा दादाभाऊंनी विषय काढला. सौदा करण्यात त्यांचा हात धरणारा नारायणगावच्या बाजारात कमी. त्यांनी सुरुवात खालून केली, थोडा पगार वाढवतो म्हणाले. जानकू बघतो म्हणाला. दादाभाऊंनी जरा वाढवलं. जानकूनं चहाचा घोट घेतला. दादाभाऊ उठायचं नाटक करून अर्धे उभे राहिले, बाजारात हा डाव हमखास चालतो. जानकूनं त्यांच्या चपला नळावर धुऊन पुढं आणून ठेवल्या. दादाभाऊ पुन्हा बसले.

“तुझं म्हननं काय ते तरी सांग,” ते शेवटी म्हणाले.

“आवनी झाली का यील,” जानकू म्हणाला. “पगार बाकीच्या सोसायटीवानी करा. न् आयतवार मोकळा द्या. आयतवारी मी घरी येनार.”

आवाज चढला नव्हता, की खालीही आला नव्हता. भाकरी वाढू का, असं भागूनं विचारलं आणि बोलणं तिथंच संपलं.

परत येताना घोडेगाव धर्माजींनी झोपेतच पुकारलं. सरांच्या अंगावर चिखल वाळत होता, पण आतून ते उजळले होते. न राहवून म्हणाले, “दादाभाऊ, पाहिलंत ना? गडी आळशी झाला नाही. दुप्पट राबतोय. पडीक जमीन उठवली त्यानं.”

“पाह्यलं,” दादाभाऊ समोर बघत म्हणाले. “मालाची गाडी उभी हाय न् विकनाऱ्याला घाई नाय, तवा आपन मरतो सर. त्याला घाई नव्हती. तुमच्या पैशांनी त्याची घाई काढून घेतली. आता आपल्या पगारावर कुनी येतंय व्हय?”

एकाच खाचरात दोघांनाही आपापला पुरावा सापडला होता. सरांनी बाहीवरचा वाळलेला चिखल खरवडायला घेतला.

श्रावणातल्या सभेत दादाभाऊंनी योजना बंद करण्याचा ठराव मांडला. जानकूचा पगार वाढवावाच लागणार होता. तो टॉवरच्या भाड्यातून द्यावा, उरलेल्यातून कमान बांधावी, वाटप थांबवावं. बोलले मुद्देसूद. मानाही हलल्या. सरांनी आपलं भाषण तयार ठेवलं होतं, पण ते उठायच्या आधी पुढच्या खुर्चीवरून सखूबाई बोलल्या. ज्याला वाटा त्याला मत, हा सरांचाच आग्रह, म्हणून त्या सभेत होत्या.

“बंद करा,” त्या म्हणाल्या. “पन मंग मला आण्याला सोड, दादा.”

दादाभाऊ म्हणाले, आई, याचा त्याच्याशी काय संबंध, इथं काय कमी हाय तुला.

“कमी काय न्हाई. पन तिकडं माझं घर हाये, कुनाकडं मागावं लागत न्हाई. इथं आता मागत न्हाई म्हनून ऱ्हाते. चार आन्याचा खडीसाखरेचा पुडा सुनंला मागून घ्यायचा, तर त्यापरीस आपल्या घरीच जाते कशी.”

हे त्यांनी कुणाला टोचून म्हटलं नव्हतं. नळाला पाणी येत नाही हे सांगावं तसं सांगितलं. सून खाली बघत होती. दादाभाऊ उभेच होते. म्हातारीला आणलं ते कशासाठी, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण गेल्या काही महिन्यांत बाजारातून आल्यावर ते आधी तिच्या खोलीत डोकावत, भाव काय मिळाला ते तिला सांगत आणि ती कमी म्हणून त्यांना रागावत असे, हे फक्त त्यांना आणि सुनेला ठाऊक होतं.

त्या सभेचे अध्यक्ष म्हणून धर्माजींनी ठराव मताला टाकला. बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत. काही हात वर गेले, काही अर्ध्यात थांबले. सगळे दादाभाऊंकडं बघत होते. दादाभाऊंनी मान खाजवली, खिसा चाचपला, बाहेर टॉवरकडं बघितलं आणि खाली बसले. हात काही वर गेला नाही. मांडणाऱ्याचाच हात नाही म्हटल्यावर बाकीचेही उतरले. ठराव पडला.

जानकूचा पगार भाड्यातूनच वाढला, त्यामुळं प्रत्येकाच्या वाट्याला आता अर्ध्या टाकीऐवजी पाव टाकी आली. ती द्यायचं मात्र ठरलं. सरांना वाटलं, आता कुणीतरी उठून आपल्याबद्दल चार शब्द बोलेल. आभाराचं भाषण त्यांनी मनातल्या मनात लावून ठेवलं. धर्माजींनी पुढचा विषय वाचला, की रविवारी फाटकावर कोण बसणार. सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. मोटर कधी बंद करायची ते आता तुमालाच चांगलं माहीत आहे, असं कुणीतरी म्हणालं, आणि त्यात थट्टा किती आणि विश्वास किती, हे सरांना ठरवता आलं नाही.

भाद्रपदातल्या एका रविवारी सर केबिनमध्ये बसले होते. जानकू आदल्या दिवशीच वाडीला गेला होता. श्रेया भाजी घेऊन जाताना फाटकाशी थांबली. म्हणाली, सर, बँकेत सगळे विचारतात, तुमची ती योजना चालली का हो शेवटी?

अशा प्रश्नाला सरांच्या तोंडून एरवी पाऊण तासाचं उत्तर आलं असतं. त्यांनी विचार केला. म्हणाले, “चालली की नाही, मला माहीत नाही. चालू आहे.”

ती गेली, आणि आतून दादाभाऊंची पिकअप फाटकाशी आली. दादाभाऊंनी दोनदा हॉर्न दिला, जानकूला द्यायचे तसाच. सर बसल्या जागी ताठ झाले. हयातभर ज्ञानदान केलेल्या माणसानं हॉर्नला उठावं का, हा खरोखर विचार करण्यासारखा प्रश्न होता. त्यांनी तो जरासा केलाही. मग उठले आणि फाटक ओढलं.

पुढच्या सीटवर सखूबाई होत्या, मांडीवर पिशवी, डोक्यावरून नवा पदर.

“आण्याला निघालात का आजी?” सरांनी विचारलं.

“घर झाडून येते. तिकडं दिलेल्या पोरीला लुगडं न्यायचंय,” त्या म्हणाल्या. मग दादाभाऊंकडं मान करून जरा मोठ्यानं, “ह्याला डिझेलचं मी दिलंय. घेत नव्हता.”

दादाभाऊंनी गिअर टाकला. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

“परत कधी?”

“उद्या,” सखूबाई म्हणाल्या, आणि गाडी पुढं गेली. सरांनी फाटक लावलं आणि मोटर बंद करायला गेले.